पेशंट जाणारच असेल तर तिथे एमडी कशाला?

एमबीबीएसनंतर एमडीला पॅलिएटिव्ह मेडिसिन (बऱ्या न होणाऱ्या आजारात दुखणं-त्रास कमी करायचं शास्त्र) घेऊ की जेरिॲट्रिक्स (म्हाताऱ्या माणसांच्या आजारांचं), पैसा मिळेल का, असं तुम्ही विचारलंय. मी लिहायला बसले ती मात्र तुमच्या शेवटच्या ओळीमुळे. घरचे म्हणतात, पेशंट जाणारच असेल तर तिथे एमडी कशाला?

माझा दादाही हेच म्हणायचा. तो सर्जन. मी ॲनेस्थेशियातून पॅलिएटिव्हकडे वळले तेव्हा म्हणाला, "हात टेकायचं पण शिक्षण असतं का गं?"

२०१६ मध्ये आमच्या आत्याला गालाचा कॅन्सर निघाला. चाळीस वर्षं मिश्री लावायची. ऑपरेशन झालं, शेक झाले, गाठ परत आली. मी कऱ्हाडजवळ गावी गेले तर ही भिंतीशी वळकटीला टेकून बसलेली, गालाला पदर दाबून. आडवं झालं की ठणका उठायचा, म्हणून तीन आठवडे बसूनच झोपत होती. दादाने मॉर्फिनला, म्हणजे अफूपासूनच्या कडक वेदनाशामकाला, हात लावू दिला नव्हता. सवय लागेल, श्वास बंद पडेल!

मी १० मिलिग्रॅमची गोळी अर्धी करून दर चार तासांनी सुरू केली. झोपताना दुप्पट, म्हणजे मध्यरात्री उठवायला नको. पोट साफ व्हायची गोळी पहिल्या दिवसापासून, नाहीतर मॉर्फिनने बद्धकोष्ठ ठरलेलाच. तिसऱ्या रात्री आत्या आडवी झाली. पहाटे तिच्या सुनेने घाबरून नाकापुढे बोटं धरली, तर बाई घोरत होती.

पुढे अकरा आठवडे जगली. सोनाराला घरी बोलावून पाटल्या वजन करून घेतल्या, कुणाला किती ते सांगितलं. माझ्या वडिलांशी बांधावरून दहा वर्षं अबोला होता. त्यांना बोलावून घेतलं आणि त्यांच्याच हातून चमच्याने पेज प्यायली. दादा आजही म्हणतो, तू तिला गुंगीत ठेवलंस. गुंगीतली बाई तोळे मोजते का?

तर, पॅलिएटिव्ह घ्या. मुंबईच्या टाटा मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलला हे एमडी २०१२ मध्ये सुरू झालं. १९८५च्या अमली पदार्थांच्या कायद्याने मॉर्फिन मिळणं मुश्कील केलं होतं, २०१४च्या दुरुस्तीने ते सोपं झालं. डॉक्टरांच्या मनातली भीती मात्र गेलेली नाही. वर्षानुवर्षं तोच पेशंट बघायची, त्याचं पडणं-विसरणं, दहा-दहा गोळ्या निस्तरायची आवड असेल तर जेरिॲट्रिक्स घ्या. पण दुखणं शमवायला तिथेही शिकावंच लागतं.

पैसा सर्जनइतका नाही, हे खरं. नोकऱ्याही बहुतेक मोठ्या शहरांत. आणि प्रत्येक दुखण्याला मॉर्फिन नसतं. किडनी बिघडलेली असेल तर डोस फार जपून. फॉर्म भरण्याआधी वांद्र्याच्या शांती आवेदना सदनात, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सर पेशंटना सांभाळणाऱ्या संस्थेत, विचारून आठ दिवस जाऊन बसा, १९८६ पासून चालू आहे. दादाला मी दोनदा चल म्हटलं. अजून आलेला नाही.