टर्म पेपरमध्ये 'म्हणणं' कुठून आणायचं?

प्रश्न : सर नमस्कार. मी मूळची गोंदियाची, नागपुरात एमए क्रिमिनॉलॉजी करून राहिली आहे, होस्टेलला असते. पहिल्या सेमिस्टरला टर्म पेपर होता, मी विषय घेतला 'महिलांवरील अत्याचार : कारणे आणि उपाय'. रात्ररात्र जागून वीस पानं लिहिली, पुस्तकं, नेट, पेपरातली कात्रणं सगळं टाकलं. मॅडमनी खाली एवढंच लिहिलं, 'माहिती भरपूर, म्हणणं कुठंय?' आणि मार्क जेमतेम. पुढचा पेपर दीड महिन्यात द्यायचाय. हे म्हणणं म्हणजे नेमकं काय असतं?

उत्तर : बेटा, मॅडमनी दुखणं बरोबर ओळखलं, आणि ते बरं होण्यासारखं आहे. वीस पानांत अख्ख्या देशातल्या अत्याचारांची कारणं पण आणि उपाय पण, हे कोणालाच जमणार नाही. विषय एवढा मोठा घेतला की माणूस नुसता गोळा करत सुटतो. तू आधी एक छोटा प्रश्न पकड, ज्याचं उत्तर आज तुला माहीत नाही पण दीड महिन्यात शोधता येईल.

उदाहरण देतो. वर्धा रोडने जाताना सेंट्रल जेल लागतं, तू पाहिलंच असेल. एनसीआरबी म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची आणि तुरुंगांची आकडेवारी काढणारी सरकारी संस्था, तिच्या २०२२ च्या आकड्यांप्रमाणे देशात ५,७३,२२० कैदी होते आणि त्यातले ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे शंभरातले जवळपास ७६ जण अजून दोषीच ठरलेले नव्हते. पोरं हा आकडा पहिल्या पानावर टाकतात आणि पुढे 'न्यायाला विलंब होतो' असं लिहून मोकळी होतात. पण नवीन बीएनएसएसचं, म्हणजे जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याचं, कलम ४७९ उघडून बघ. याआधी कधीच दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला सोडायचं, बाकीच्यांना अर्धा काळ, फाशी किंवा जन्मठेपेचा गुन्हा असेल तर हे लागू नाही, आणि अर्ज जेल सुपरिटेंडेंटने स्वतःहून कोर्टात करायचा. इथपर्यंत ऐकायला छान वाटतं. मग येतं पोटकलम दोन : एकाहून जास्त गुन्ह्यांची किंवा बऱ्याच केसेसची चौकशी बाकी असेल तर हा फायदा नाही. आता मला सांग, एकाच रात्रीच्या एकाच भांडणात एफआयआरला तीन कलमं लागली तर तो माणूस 'एकाहून जास्त गुन्ह्यां'वाला झाला का? हा झाला पेपरचा प्रश्न. यावर तू वाचून, विचार करून जे उत्तर देशील, समजा 'एका घटनेतली कलमं वेगळी मोजू नयेत, नाहीतर सवलत कागदावरच राहील', ते तुझं म्हणणं. ओळखायची खूण सोपी आहे, वर्गातलं कोणी उठून 'मला नाही पटत' म्हणू शकत असेल तर ते म्हणणं, सगळेच मान हलवत असतील तर ती माहिती.

आणि जो 'नाही पटत' म्हणेल त्याची बाजू पण पेपरमध्ये लिही, नीट, दमदार करून लिही. सराईत माणूस सुटला तर साक्षीदारांचं काय, हा प्रश्न खरा आहे, त्याला दोन ओळीत उडवू नको.

तुला महिलांच्याच विषयावर लिहायचं असेल तरी हरकत नाही, फक्त बारीक कर. 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य' हा निकाल तुमच्या अभ्यासात असेलच. १९७२ ला देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला, सेशन्स कोर्टाने पोलिसांना सोडलं, आपल्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, सुप्रीम कोर्टाने परत सोडलं, मग १९७९ ला चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं आणि शेवटी १९८३ ला कायदा बदलला. ही गोष्ट सगळे लिहितात. पण भीतीपोटी गप्प राहणं आणि संमती देणं यात फरक आहे हे खंडपीठाने आधीच सांगितलं होतं, ते मुद्दे सुप्रीम कोर्टाने कसे खोडले हे निकाल हातात घेऊन वाचणारे मला फार थोडे भेटलेत. मी पेपर तपासताना पहिल्या दोन पानातच कळतं की पोराने निकाल वाचला की नुसती हेडनोट, म्हणजे निकालाच्या वर छापलेला सारांश, आणि हेडनोट वाचून लिहिलेल्याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण मेहनत तेवढीच लागलेली असते.

आकडे वापरताना जपून. एनसीआरबी एका एफआयआरमधला सगळ्यात गंभीर गुन्हाच मोजते, म्हणजे खून आणि बलात्कार एकत्र असेल तर तो खुनात जातो. आणि आकडा वाढला म्हणजे गुन्हे वाढले असंच नसतं, तक्रारी जास्त नोंदल्या गेल्या असंही असू शकतं. एवढी एक ओळ लिहिलीस तरी तपासणाऱ्याला विश्वास बसतो.

एक दिवस सिव्हिल लाइन्सला जिल्हा न्यायालयात जाऊन मागच्या बाकावर बस. इन-कॅमेरा, म्हणजे बंद दाराआडची, सोडून बाकी सुनावणी कोणालाही बघता येते. एका सकाळी किती तारखा नुसत्या पुढे ढकलल्या जातात ते डोळ्याने बघ, मग 'विलंब' हा शब्द लिहिताना हात वेगळा चालेल.

प्रश्न : पेपरमध्ये आयपीसी लिहायचं की बीएनएस? प्रत्येक सर वेगळं सांगतात.

उत्तर : आयपीसी म्हणजे जुनी भारतीय दंड संहिता, बीएनएस म्हणजे तिच्या जागी आलेली भारतीय न्याय संहिता. गुन्हा कधी घडला ते बघा. १ जुलै २०२४ च्या आधीचा असेल तर आयपीसी, एफआयआर नंतर झाला असला तरी, त्या दिवसापासूनचा असेल तर बीएनएस. जुन्या निकालांवर लिहिताना जुनंच कलम ठेवा आणि पुढे आताचं लिहा, खुनाला '३०२, आता बीएनएस १०३' असं. आकडा अंदाजाने टाकू नका, बीएनएसमध्ये ३०२ म्हणजे धार्मिक भावना दुखावणारं बोलणं, खून नाही, आणि ही चूक मी पास झालेल्या पोरांच्या पेपरात पण पाहिली आहे.

प्रश्न : एआयकडून केस लॉ, म्हणजे आधार म्हणून द्यायचे जुने निकाल, शोधून घेतले तर चालतं का? वेळ खूप वाचतो.

उत्तर : शोधायला विचारा, पण त्याने दिलेलं नाव तसंच पेपरात टाकू नका. नसलेले खटले, नसलेले सायटेशन (निकाल कुठे छापलाय त्याचा संदर्भ) ते इतक्या खात्रीने देतं की कोर्टात वकील पण अडचणीत आलेत. सुप्रीम कोर्टाचे निकाल ई-एससीआर या कोर्टाच्याच वेबसाइटवर फुकट मिळतात, तिथे नाव टाका, निकाल उघडा आणि ज्या परिच्छेदाचा आधार घेताय तो स्वतः वाचून त्याचा नंबर लिहा. नंबर देता येत नसेल तर ती केस काढून टाका.