आयटीआयनंतर थेट जर्मनी, की आधी बीई?

भाऊ, तुझा प्रश्न थोडक्यात असा: नागपूरच्या शासकीय आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचं दुसरं वर्ष संपत आलंय. बाबा म्हणतात, आधी डिप्लोमा, मग बीई, मग मास्टर्सला जर्मनीत जा. तुला मात्र थेट आउसबिल्डुंगला यायचंय, म्हणजे कंपनीत हाताने काम करत शिकायला.

मी श्रद्धानंद पेठेतल्या त्याच वर्कशॉपमधून निघालो. दोन वर्षं नागपूरजवळच्या बुटीबोरी एमआयडीसीत ठेकेदाराकडे काढली आणि मग इकडे जर्मनीत साडेतीन वर्षांची आउसबिल्डुंग पूर्ण केली. त्यामुळे माझं पारडं कुठे झुकणार ते तुला कळलंच असेल. आपल्या आयटीआयजवळच व्हीएनआयटी हे नावाजलेलं इंजिनिअरिंग कॉलेज आहे ना, तर माझी आई नातेवाइकांना सांगायची, "पोरगा व्हीएनआयटीच्या बाजूला शिकून राहिला." खोटं नव्हतं ते.

बाबांच्या रस्त्याचा हिशेब बोटांवर मोज. आयटीआयवर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाला तरी दोन वर्षं, मग बीईची तीन, मास्टर्सची दोन. सात झाली. माझ्या रस्त्याने जर्मन शिकायला एक वर्ष आणि आउसबिल्डुंगची साडेतीन. तू कारागिराचं प्रमाणपत्र घेशील तेव्हा तिकडच्या रस्त्यावर बीईचं शेवटचं वर्ष चालू असेल.

पैशाचं म्हणशील तर इथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्य मात्र युरोपबाहेरच्यांकडून सेमिस्टरला १५०० युरो घेतं. फी नसली तरी विद्यार्थी व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक खात्यात (ज्यातून महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येते) दाखवावे लागतात, म्हणजे ११ लाखांच्या वर. आउसबिल्डुंगमध्ये उलट कंपनीच तुला पगार देते. २०२५ मध्ये सुरू झालेल्या करारांना पहिल्या वर्षाचा कायदेशीर किमान पगार महिना ६८२ युरो आहे, पुढे दरवर्षी वाढतो. एवढ्यात मजा नाही, खोलीभाड्यातच बरंच जातं. आणि पगार व्हिसाच्या हिशेबाला कमी पडला तर कमी पडणारी रक्कम तुलाच दाखवावी लागते.

आता जर्मनचं. मास्टर्स इंग्रजीतून होतं, आउसबिल्डुंग होत नाही. व्हिसाला साधारण बी-१, म्हणजे मध्यम पातळीचं जर्मन, लागतं, पण बी-१ म्हणजे नुसतं दार उघडणं. आठवड्यातले एक-दोन दिवस बेरूफ्सशूलेत, म्हणजे व्यवसाय शाळेत, वर्ग असतात, तेही जर्मनमधून. शिवाय आठवडाभर काय काम केलं त्याची वही जर्मनमध्ये लिहायची. ती वही पूर्ण नसेल तर शेवटच्या परीक्षेला बसता येत नाही.

माझी खरी फजिती मात्र भाषेने नाही, वायरने केली. आपल्याकडे हात बसलेला असतो लाल-पिवळा-निळा फेज आणि काळा न्यूट्रल यावर. इथे तपकिरी, काळा, करडा हे फेज आणि निळा न्यूट्रल. म्हणजे आपला न्यूट्रल इथे फेज! दुसऱ्याच आठवड्यात मी काळी वायर निवांत न्यूट्रलच्या पट्टीत बसवायला निघालो. उस्तादाने हात धरला, ओरडला नाही, फक्त पाच नियम पुन्हा पाठ म्हणायला लावले: सप्लाय तोडा, कोणी परत चालू करणार नाही अशी सोय करा, व्होल्टेज नाही हे तपासा, अर्थ आणि शॉर्ट करा, शेजारचे चालू भाग झाका. मग माझ्या खिशातला पेचकस-टेस्टर काढून ठेवला. इथे दोन टोकांच्या टेस्टरने तपासल्याशिवाय लाइन बंद आहे असं कोणी मानत नाही. बुटीबोरीत आम्ही काय काय चालू लाइनवर केलंय, बाप्पा, ते त्याला सांगितलं नाही.

पहिलं वर्ष भिंतींत खाचा पाडण्यात आणि केबलचे ड्रम वाहण्यात जातं. हिवाळ्यात अर्धवट बांधलेल्या इमारतीत बोटं आखडतात. गुडघ्यांची तक्रार चाळिशीच्या आतच सुरू झालेले दोघे आमच्याच कंपनीत आहेत. तुला गणित आणि डिझाइन मनापासून आवडत असेल, पॅनल जोडण्यापेक्षा तो कागदावर काढण्यात गोडी असेल, तर बाबांचंच ऐक.

पण "आयटीआयवाला जन्मभर आयटीआयवालाच" ही बाबांची भीती असेल तर त्यांना हे सांग. कारागीर झाल्यावर माइस्टरची, म्हणजे त्या धंद्यातल्या उस्तादाची, परीक्षा देता येते. जर्मनीच्या पात्रता आराखड्यात माइस्टर आणि बॅचलर दोन्ही सहाव्या पातळीवर आहेत, आणि माइस्टरला विद्यापीठाचं दारही खुलं असतं. मी स्वतः सध्या माइस्टरच्या संध्याकाळच्या वर्गाला जातो. दिवसभर शिडीवर उभं राहून संध्याकाळी हिशेब आणि कायदा शिकताना डोळे मिटतात, ते वेगळं.

तो एजंट दोन लाख मागतोय म्हणालास. काऊन द्यायचे? आउसबिल्डुंगचा करार तू आणि कंपनी यांच्यात होतो, मध्ये तिसरा कोणी लागत नाही. जागा कंपन्यांच्या साइटवर आणि सरकारी रोजगार संस्थेच्या पोर्टलवर उघड्या असतात, अर्ज स्वतः लिहिता येतो. ते दोन लाख जर्मनच्या क्लासला आणि परीक्षेला ठेव. बी-१ चा निकाल लागला की अर्ज मला पाठव, चुका काढून देतो.