पेट स्कॅनची सीडी कुठल्याच खिडकीत ओरिजिनल देऊ नका

खानापूरहून तुम्ही विचारलंय : वडिलांना हॉजकिन लिम्फोमा (लसिका गाठींचा कॅन्सर), पहिल्या पेट स्कॅनमध्ये (साखरेसारखं औषध टोचून काढतात, ते जास्त ओढणारी जागा चमकते) स्टेज ३, आता दोन सायकलनंतर दुसरा स्कॅन सांगितलाय. तो पहिल्या सेंटरऐवजी दुसऱ्या गावात केला तर चार-पाच हजार वाचतात, तर चालेल का? अगदी हाच हिशेब आम्ही २०१८ मध्ये धाकट्या भावाच्या वेळी केला होता, म्हणून लिहिते. मी डॉक्टर नव्हे, हायस्कूलला गणित शिकवते. औषधाचा शब्द तुमच्या डॉक्टरांचाच.

स्टेज ३ बघून घरात रडारड झाली असणार, आमच्याकडेही झाली. पण ही स्टेज पोटाच्या नाहीतर फुप्फुसाच्या कॅन्सरसारखी वाचायची नसते. छाती आणि पोट यांच्या मधल्या पडद्याच्या एकाच बाजूला गाठी असल्या तर १ किंवा २, दोन्हीकडे असल्या तर ३, आणि लिव्हर, हाडातला मगज असं कुठं पसरलं की ४. पद्धत १९७१ ची, अमेरिकेतल्या अॅन आर्बर गावाच्या नावाची. २०१४ मध्ये लुगानो या नावानं ती पेट स्कॅनवर बेतून घेतली. पुढं काय होणार ते मात्र स्टेजपेक्षा दोन सायकलनंतरचा स्कॅन जास्त सांगतो, असं आमच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. (दोन सायकल म्हणजे एबीव्हीडीचे, म्हणजे चार औषधांच्या किमोचे, चार डोस. आमच्याकडे सगळे डोसालाच किमो म्हणतात आणि मोजताना घोळ होतो.)

त्या रिपोर्टात डोव्हिल म्हणून १ ते ५ आकडा असतो. गाठीची जागा आता किती चमकते ते पेशंटच्याच लिव्हरशी ताडून बघतात. लिव्हरइतकी किंवा त्याहून कमी असेल तर ३ पर्यंत, जास्त असेल तर ४, फारच जास्त किंवा नवीन गाठ दिसली तर ५. ३ आला तर घाबरू नका. वाढलेल्या हॉजकिनच्या हजारावर रुग्णांची एक चाचणी २०१६ मध्ये छापून आली. त्यात दोन सायकलनंतर १ ते ३ आलेल्यांचं ब्लिओमायसिन, म्हणजे फुप्फुसाला त्रास देणारं औषध, पुढं बंद केलं तरी निकाल जवळपास तसाच राहिला.

आता आमची चूक. पहिला स्कॅन झाल्यावर सेंटरनं फिल्म, रिपोर्ट आणि पांढऱ्या कागदी पाकिटात एक सीडी दिली. फिल्म मोठी, चकचकीत, म्हणून आम्ही तीच जपली. सीडीला आम्ही जाहिरातीच्या कॅलेंडरएवढीही किंमत दिली नाही. नंतर पैशाच्या मंजुरीसाठी एका खिडकीवर फाईल द्यायची होती. कुठली खिडकी ते सांगत नाही. ‘सगळं ओरिजिनल पाहिजे, झेरॉक्स चालत नाही.’ मी दिलं. सीडीसकट. पोचसुद्धा मागितली नाही.

दुसरा स्कॅन स्वस्तात दुसरीकडे केला. रिपोर्टात आलं : मानेत डावीकडे एक चमकणारी गाठ, तुलनेसाठी जुना स्कॅन उपलब्ध नाही. डॉक्टर म्हणाले, ही गाठ आधी होती का? होती आणि फिकी झालीय तर काळजी नाही. नवी असेल तर ५, मग औषधच बदलावं लागेल. जुन्या रिपोर्टात ‘मानेत दोन्हीकडे अनेक गाठी’ एवढंच. त्यातली ही कुठली, ते शब्दांवरून कसं कळणार? आणि फिल्मवर सगळं अंग तळहाताएवढं, मोठी करून बघायची चित्रं सीडीतच.

मग खिडक्या. एकीकडं ‘नाळे बर्री’, दुसरीकडं ‘उद्या या’. सीमाभागात राहिल्याचा हा एक फायदा, दोन भाषांत परत पाठवतात. फाईल वर गेलीय, साहेब रजेवर आहेत, पेशंटचं नाव आधारवर वेगळं दिसतंय (‘गौडा’ आणि ‘गवडा’ यांत एका अक्षराचा फरक!). तेविसाव्या दिवशी फाईल हातात आली. सीडी पाकिटासकट कागदांना टाचलेली, स्टेपलरची पिन थेट चकतीतून आरपार. लॅपटॉपनं नुसता घरघर आवाज केला. तोवर भावाचा पाचवा डोस अडकून पडला होता, कारण कुठलं औषध द्यायचं तेच ठरत नव्हतं. घरात कुणी कुणाशी नीट बोलत नव्हतं.

शेवटी पहिल्या सेंटरला जाऊन बसलो. काउंटरवर ‘जुना डेटा ठेवत नाही’ म्हणाले, पण आतल्या टेक्निशियननं बॅकअपमधून पेन ड्राइव्हवर काढून दिला. गाठ जुनीच होती, आधी लिव्हरच्या कितीतरी पट चमकत होती. दुसऱ्या रेडिओलॉजिस्टनं दोन्ही स्कॅन शेजारी ठेवून ३ दिला. औषध तेच चाललं.

तेव्हा माझं मत, कुणाला पटो न पटो : त्याच सेंटरला, त्याच मशीनवर करा. चार-पाच हजारांसाठी बदलू नका. बदलावंच लागलं तर सीडी सोबत न्या आणि ‘आधीच्या स्कॅनशी तुलना व डोव्हिल आकडा’ असं डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या. सीडीच्या दोन कॉपी काढा, एक मुंबई-पुण्याच्या नातेवाइकाकडं. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये महात्मा फुले योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं, तुमचं गाव त्यात आहे का आणि तुमचं हॉस्पिटल चालतं का ते आधी विचारून घ्या. कुठल्याही योजनेत अर्ज केलात तरी पोच घ्या.

आणखी एक. स्कॅनआधी सहा तास उपाशी म्हणजे साखरेचा चहासुद्धा नाही. आमच्या सोबत आलेल्या काकांनी संकेश्वरला गाडी थांबवून भावाला ‘घोटभर घे रे’ म्हणून दिलाच होता, वहिनीनं कप काढून घेतला. आदल्या दिवशी शेतात राबणं, जिने चढणं नको. डिसेंबरात पहाटे निघणार असाल तर वडिलांना स्वेटर, मफलर घाला, थंडी वाजली की मानेतली चरबीसुद्धा स्कॅनमध्ये चमकते आणि उगाच शंका येते. पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन झालं असेल तर तारीख सांगा, त्यानं हाडातला मगज चमकतो. स्कॅन तिसऱ्या सायकलच्या अगदी तोंडावर घेतात, किमो झाल्या झाल्या नाही.

सीडी घरात असेल तर आज रात्रीच कॉम्प्युटरवर उघडून बघा, चित्रं दिसतात का ते. उघडत नसेल तर सोमवारीच सेंटर गाठा, त्यांच्याकडचा डेटा किती दिवस राहतो त्याचा भरवसा नसतो.