पुशरॉड ओढून नको, दाबून तपासा

प्रश्न : मी स्वतः दोन आसनी हलकं विमान बांधतो आहे. स्टिकपासून (वैमानिकाच्या हातातला दांडा) एलिव्हेटरच्या (शेपटीवरची, विमानाचं नाक वर-खाली करणारी हलती पट्टी) हॉर्नपर्यंत (ती पट्टी हलवणारी तरफ) पुशरॉड म्हणून २५ मिमी व्यासाची, ०.९ मिमी जाडीची, ६०६१-टी६ अ‍ॅल्युमिनियमची २.४ मीटर लांब अखंड नळी घातली आहे. वजन जेमतेम ४४० ग्रॅम. जोर लावून ओढून पाहिली, दणकट वाटते. चालेल ना?

उत्तर : नाही चालणार. उड्डाणाआधी विचारलंत, हे फार बरं केलंत.

ओढीला ही नळी पंधरा हजार न्यूटनच्या पुढेही टिकेल. पण पुशरॉडला ढकलावंही लागतं, आणि दाबाखाली लांब नळी तुटण्याच्या कितीतरी आधी मध्येच बाक काढते. ऑयलरचं सूत्र तुमच्या नळीला लावलं, तर ही मर्यादा सुमारे ५९० न्यूटन येते. आता स्टिककडे पाहा. हाताची मूठ टेकूच्या (स्टिक जिथे फिरते तो बिंदू) वर ४०० मिमी आणि रॉड टेकूखाली १०० मिमीवर असेल, तर हाताचा जोर रॉडवर चौपट होतो. म्हणजे स्टिकवर पंधरा किलो जोर पडला की रॉड बाक काढणार.

माझ्या पहिल्या विमानात मी हीच चूक केली होती. एलिव्हेटर फळ्यांमध्ये घट्ट आवळला, स्टिकला ताणकाटा अडकवला आणि पुढे ओढत गेलो. पंधरा किलोच्या आसपास काटा थांबला. स्टिक मात्र पुढे सरकतच राहिली, आणि एलिव्हेटर तसूभरही हलला नव्हता. तपासणीच्या झरोक्यातून पाहिलं तर नळी धनुष्यासारखी वाकून फ्रेमला टेकलेली. सोडल्यावर पुन्हा सरळ, अंगावर ओरखडाही नाही. नुसत्या डोळ्यांनी तपासणाऱ्याला हा दोष कधीच सापडला नसता.

अमेरिकी एफएआर (विमानवाहतूक नियम) भाग २३ च्या जुन्या तक्त्यात एलिव्हेटरसाठी स्टिकवरचा कमाल जोर १६७ पौंड, म्हणजे सुमारे ७४० न्यूटन धरला होता. चारपट करून त्यावर दीडचा सुरक्षा गुणक लावा : ४,४४० न्यूटन. मी तरी याहून कमी धरणार नाही.

उपाय लांबीत आहे. रॉडचे दोन तुकडे करून मध्ये आयडलर आर्म (सांध्याला आधार देणारा, रॉडबरोबर झुलणारा छोटा हात) द्या. लांबी निम्मी झाली की ताकद चौपट होते. तरीही २५ ची नळी २,३८० वरच थांबते, म्हणून व्यास ३२ मिमी घ्या, जाडी तीच. मग ५,१०० न्यूटन मिळतात. नळ्यांचं वजन फक्त १३० ग्रॅमने वाढतं, आयडलरचं वेगळं. त्याचा ब्रॅकेट मात्र पातळ पत्र्यावर नको, भक्कम फ्रेमवर बसवा. आधारच लवचीक असेल तर हा सगळा हिशेब कोसळतो.

रॉड एंडच्या (नळीच्या टोकाचा गोळ्याचा सांधा) बोल्टवर, मोकळ्या बाजूला, मोठ्या व्यासाचा वॉशर घाला. आतला गोळा निसटला तरी रॉड बोल्टवरून सुटत नाही. जॅम नट (रॉड एंड जागेवर घट्ट धरणारा) आवळलेला हवा आणि सांधा फिरता असेल तिथे कॅसल नट (खाचा असलेला) व त्या खाचांतून जाणारी स्प्लिट पिन. नायलॉनचा लॉकनट तिथे चालणार नाही.

बदल झाल्यावर एलिव्हेटर आवळून स्टिक दोन्ही दिशांना ताणा. झरोक्यापाशी दुसऱ्या माणसाला बसवा आणि त्याला नळीच्या मधोमध नजर ठेवायला सांगा.