वडील साहसी होते, छोटा व्यवसाय होता, घरात जीव होता... त्यांच्याबद्दल लिहायचं तर सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की वडिलांचं वर्कशॉप होतं, सुट्टी मिळाली की डोंगर नाहीतर सायकल, मधे स्कूबा डायव्हिंग पण करून झालं, घरच्यांवर प्रचंड जीव, आणि आता ते नाहीत तर दोन पानं लिहायला बसल्यावर 'साहसी, कष्टाळू, कुटुंबवत्सल' याच्यापुढे गाडी जात नाहीये. वर त्यांनी काढलेल्या कर्जाचं लिहावं की नाही हा पण प्रश्न आहे. मी माझ्या वडिलांबद्दल असंच लिहिलं होतं, त्यावरून सांगतो.

आधी ते तीन शब्द खोडा. खोटे आहेत म्हणून नाही हो, पण कुणाच्याही फोटोखाली टाकले तरी चालतात.

माझ्या वडिलांचा छोटासा छापखाना होता आणि डोक्यात कायम कडे-कपाऱ्या. त्यांच्या फोटोंपेक्षा मला जास्त काय उपयोगी पडलं असेल तर उधारीच्या वह्या. एका पानावर कुणाकडून किती येणं आहे ते, कुणाला परत कधी फोन करायचा ते, आणि त्याच्याच खाली त्याच पेनने लिहिलेलं, 'दोर ९ मिमी की ११?'. त्याच्यासमोर दुसऱ्या अक्षरात, म्हणजे आईच्या, 'आधी शाईचं बिल'. बास, एवढंच. मी लेख तिथूनच सुरू केला, कारण डोंगर, धंदा आणि घर तिघंही त्या पानावर एकमेकांना खेटून बसले होते, मला काही जोडावंच लागलं नाही. तुमच्याकडे पण असं काहीतरी निघेल. बिलबुकं, जुने पासपोर्ट, सर्व्हिसिंगच्या नोंदी बघा. डायव्हिंग करत असतील तर लॉगबुक शोधाच, त्यात किती खोल, किती वेळ आणि सोबत कोण होतं हे बहुतेक लिहिलेलं असतं, बऱ्याचदा त्या जोडीदाराची सही पण असते, म्हणजे कुणाला फोन करायचा तेही कळलं.

दुसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. ते डोंगरावर असायचे तेव्हा वर्कशॉप कोण सांभाळायचं? मोठ्या कंपनीत माणूस रजा टाकून जातो आणि काम चालू राहतं, छोट्या धंद्यात मालक गेला की शटर खाली नाहीतर घरातलं कुणीतरी गल्ल्यावर. अशा लेखांत नेहमी 'व्यवसाय सांभाळून छंद जोपासला' असं छापतात, मला ते वाक्य वाचलं की राग येतो, कारण सांभाळत दुसरंच कुणीतरी असतं. आमच्याकडे आई आणि मशीनवरचे काका. त्या काकांना गाठलं तर ते डोंगराबद्दल एक शब्द बोलले नाहीत, म्हणाले, साहेब प्रूफ दोनदा वाचायचे, एकदा सरळ आणि एकदा शेवटच्या शब्दापासून उलटं, म्हणजे अर्थाच्या नादात चूक निसटत नाही. आणि मग त्यांच्यासोबत चढणारे एक जण भेटले, ते म्हणाले तुझे बाबा इतरांच्या गाठी तपासून वैताग आणायचे. चढायच्या आधी दोघांनी एकमेकांची गाठ आणि हार्नेसचं, म्हणजे कमरेला बांधायच्या पट्ट्याचं, बकल बघायचंच असतं म्हणा, पण हे दुसऱ्यांदा बघायचे. या दोघांची एकमेकांशी ओळख पण नाही! तेव्हा मला कळलं की लोक ज्याला बेधडक म्हणायचे तो माणूस मुळात चिवट आणि शंकेखोर होता. धंदा तरला तो पण त्यानेच असं मला वाटतं.

एक सावधगिरी. शेवट कसा झाला यालाच सगळा लेख देऊ नका. न्यूझीलंडचा गिर्यारोहक रॉब हॉल घ्या. १९९६ च्या मे महिन्यात एव्हरेस्टच्या वादळात तो अडकला आणि वरून रेडिओवर, खालच्या बेस कॅम्पने सॅटेलाइट फोन जोडून दिल्यावर, गरोदर बायकोशी शेवटचं बोलला, मुलगी त्यानंतर दोन महिन्यांनी झाली. जगाला तो फोनच आठवतो. पण त्याआधी त्याने आणि त्याचा चढाईतला जोडीदार गॅरी बॉलने १९९० मध्ये सात महिन्यांत सातही खंडांची सर्वोच्च शिखरं केली होती, मग स्पॉन्सरच्या मागे पळण्यापेक्षा लोकांना शिखरावर न्यायचा स्वतःचा धंदा काढला, १९९३ मध्ये बॉल धौलागिरीवर उंचीच्या आजाराने गेला तरी याने तो धंदा एकट्याने चालवला. आणि बायको काही नुसती फोनवर वाट बघणारी नव्हती, ती डॉक्टर, आणि १९९३ ला त्याच्याबरोबर स्वतः एव्हरेस्ट चढलेली. हे सगळं त्या एका फोनखाली दबून जातं ना?

तारखांसाठी फोनमधले मूळ फोटो वापरा, त्यात तारीख-वेळ असते, लोकेशन चालू असेल तर जागा पण. व्हॉट्सॲपवरून आलेल्या कॉपीत ही माहिती सहसा उरत नाही, त्यामुळे त्यांच्या मित्रांकडून फोटो मागताना डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. आणि मशीनमधून निघणाऱ्या गुळगुळीत कागदाच्या पावत्या असतील तर आजच स्कॅन करा, उजेडाने आणि उष्णतेने त्या पुसट होत जातात.

आता कर्ज. आईला विचारा, कारण ते हप्ते तिच्याही संसारातून गेलेत. ती नको म्हणाली तर विषय संपला, सुचवून पण लिहू नका. हो म्हणाली तर मात्र 'अडचणींवर मात केली' असलं काही नको, कशासाठी काढलं, घरात त्यावरून काय बोलणं झालं आणि फिटलं का, सरळ लिहा. फिटलं नसेल आणि आता तुम्ही फेडत असाल तर तेही लिहा, त्यांच्याबद्दल तुम्हाला राग आला असेल तर तोही एखाद्या ओळीत येऊ दे, वाचणाऱ्याला तेवढं कळतं.