नाव लपव, काम लपवू नकोस

अगं, तुझा मेसेज रात्री दोनदा वाचला. त्या बाईंनी हात जोडून सांगितलं की आपण लढायला होतो हे सासरी कळलं तर घरात राहणं मुश्किल होईल, म्हणून तू लढाई संपल्यावर लढलेल्यांची नोंद करायच्या फॉर्मवर 'लढाऊ' खोडून 'आश्रित' लिहायचं म्हणतेस. काळजीपोटी म्हणतेस, माहितीये मला. पण आश्रित लिहू नकोस. नाव लपव, गाव लपव, काम लपवू नकोस.

एवढ्या हट्टानं सांगते कारण मी ते करून बसलीये. पहिल्याच कामात एक बाई सांगत होती, निरोप पोचवायचे, रात्रीचा पहारा, गोळीबारातून जखमींना ओढून आणलं, आणि आमच्या फॉर्मवर प्रश्न एकच, हत्यार जमा केलं का, ते तर तिच्या कमांडरनं आधीच काढून घेतलेलं, मग मी 'स्वयंपाक' लिहिलं आणि पुढचीला बोलावलं. रांग मोठी होती, ऑफिसातून सारखे फोन, आणि खरंच दुसरा रकाना नव्हता गं! पण कागदाला मागची बाजू होती. पैसे वाटले तेव्हा ती यादीत नव्हती.

आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमध्येही यादवी युद्ध संपताना तेच झालं. 2002 पर्यंत हत्यार ठेवणाऱ्या सत्तर हजारांवर लोकांची नोंद झाली, त्यात बायका शंभरात सहा-सात. बंदूक दाखवा मग नाव लिहू, असा हिशोब. बाकीच्या कुणाची तरी बायको म्हणून गुपचूप घरी गेल्या. नेपाळात माओवादी युद्धानंतर 19,602 जण लढाऊ ठरले, त्यात 3,846 बायका, आणि 4,008 जणांना शिक्का मिळाला 'अयोग्य'. त्यातले बहुतेक 2006 च्या युद्धबंदीच्या वेळी अठराच्या आतले होते म्हणून नियमात बसले नाहीत, पण हे गावाला कोण समजावणार? गावासाठी पोरगी परत आली ती अयोग्य ठरून. कागदावरचा एक शब्द जन्मभर पुरतो, म्हणून म्हणते काम लिही.

तारामन बीबी माहितीये ना? 1971 ला बांगलादेशच्या मुक्तियुद्धात छावणीत स्वयंपाकाला आलेली पोरगी, तिथेच बंदूक शिकली, शत्रूच्या तळाची खबर काढून आणायची. बांगलादेशनं 1973 ला तिला वीरप्रतीक हा शौर्याचा किताब जाहीर केला आणि तिला तो कळला 1995 ला. बावीस वर्षं! पण कळलं, कारण तिनं केलेलं काम कुठंतरी नोंदलेलं होतं. नुसतं 'स्वयंपाकीण' लिहून ठेवलं असतं तर शोधायला कोण गेलं असतं?

तेव्हा नावाच्या जागी नंबर टाक. कुठला नंबर कोणाचा ती वही वेगळी, आणि ती कोणाकडे राहील हे त्याच ठरवतील, तू नाही. 'तुम्ही कोण होता' असं विचारू नकोस, पहाटे उठल्यापासून काय काय करायचात ते विचार आणि त्या सांगतील तसंच्या तसं उतरव. काहीच नको म्हणाल्या तर रकाना रिकामा सोड, रिकामा नंतर भरता येतो, लिहिलेलं पुसता येत नाही. माझं ते 'स्वयंपाक' पुसायला मी दोनदा गेले होते, ती बाई तोवर गाव सोडून गेलेली.

उद्या परत जा. फॉर्म नेऊ नकोस, वही ने. आणि घरात कोणी नसेल अशी वेळ त्यांनाच विचारून घे.