फोंड्याच्या फाईलची मुंबईत किंमत

पत्र: माझी मुलगी पणजीला लॉ शिकते, पाच वर्षांच्या कोर्सचं तिसरं वर्ष. आम्ही फोंड्याचे. तिला मुंबईच्या मोठ्या लॉ फर्ममध्ये जायचंय. मे महिन्याच्या इंटर्नशिपसाठी तिने मार्चमध्ये 64 ठिकाणी ई-मेल पाठवले. तिघांनी नकार कळवला, बाकीच्यांनी पोचसुद्धा दिली नाही. मुंबईत आमचं कुणी नाही, आणि वशिल्याशिवाय तिथे काही होत नाही असं सगळे म्हणतात. तिचं प्राथमिक शिक्षण मराठीतून झालंय, त्यामुळे इंग्रजीचीही तिला धास्ती. इंग्लंडमधल्या स्विंडनचा तिचा मामा म्हणतो, मुंबईचा नाद सोड, इथे ये, इथे ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट मिळतं. (सध्या ती शनिवारी इथल्याच एका वकिलांकडे बसते. जुन्या घराच्या इन्व्हेंटरीची, म्हणजे वारसांतल्या वाटणीची, फाईल आहे, 17 वारस, निम्मे परदेशात, कागद पोर्तुगीज. जेवताना तेच सांगत असते, पण मुंबईत त्याचा काय उपयोग?) सीव्ही आणि ई-मेलचा नमुना सोबत जोडलाय.
– एक आई, फोंडा

नमस्कार ताई,

तुमच्या पत्रातला सगळ्यात कामाचा मजकूर तुम्ही कंसात टाकलाय. मुलीनेही तेच केलंय. तिच्या दोन पानी सीव्हीत या फाईलला एकच ओळ आहे: "स्थानिक वकिलांकडे इंटर्नशिप; संशोधन व मसुदालेखनात साहाय्य." तिच्या वर शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेचं दुसरं बक्षीस, आणि त्याच्याही वर "मेहनती, टीममध्ये काम करण्याची आवड" हे उद्दिष्ट. नाव झाकलं तर हा सीव्ही देशातल्या कुठल्याही लॉ कॉलेजातल्या कुणाचाही असू शकतो.

आता त्या फाईलकडे मुंबईच्या बाजूने बघा. गोव्यात जमीन, जुनं घर किंवा हॉटेल घ्यायला मुंबई-दिल्लीचे विकासक आणि गुंतवणूकदार येतात. पैसे मोकळे करण्याआधी त्यांची लॉ फर्म मालकी तपासते. मुंबईच्या सवयीने तपासायला गेलं की इथे पाय अडकतो. गोव्यात अजून लागू असलेल्या पोर्तुगीज नागरी संहितेमुळे लग्नानंतर, वेगळा करार केलेला नसेल तर, मालमत्ता नवरा-बायकोची सामाईक. त्यामुळे जमीन एकट्याच्या नावावर दिसली तरी जोडीदाराच्या सहीशिवाय विक्री होत नाही. वारसांची वाटणी इन्व्हेंटरीतून होते, त्यासाठी 2012 चा स्वतंत्र गोवा कायदा आहे. एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीच्या, उताऱ्यावर एक नाव, जुन्या नोंदणीत दुसरं आणि मात्रिझ या जुन्या महसुली नोंदीत तिसरं, हे आपल्याकडे नवीन नाही. त्यात जमीन कोमुनिदादीची, म्हणजे गावच्या सामाईक संस्थेची, निघाली, कुळाची निघाली किंवा आवारात मुंडकाराचं, म्हणजे मालकाच्या जमिनीत राहणाऱ्याचं, घर निघालं, तर पुढचं सगळंच बदलतं. 2023 पासून शेतजमीन बिगरशेतकऱ्याला विकण्यावरही कायद्याने निर्बंध आलेत. लोअर परळच्या काचेच्या इमारतीत बसलेल्या हुशार असोसिएटला यातलं बरंच पुस्तकातून कळेल. 17 वारसांचा तक्ता मात्र त्याने कधी मांडलेला नसतो. तुमच्या मुलीने मांडलाय.

म्हणून ती ओळ खोडा आणि तिने काय केलं ते लिहा. तुमच्या पत्रावरून मी अंदाजाने लिहितो, खरं-खोटं तिने ठरवायचं: "एका इन्व्हेंटरी प्रकरणात 3 पिढ्यांतील 17 वारसांचा तक्ता तयार केला, जुनी पोर्तुगीज नोंद, मात्रिझ आणि एक-चौदाचा उतारा ताडून पाहिले, क्षेत्रफळातील तफावत टिपणात मांडली, परदेशी वारसांकडून लागणाऱ्या मुखत्यारपत्रांची यादी केली." जे केलं नाही ते एक अक्षरही नको. मुलाखतीत "मात्रिझ म्हणजे काय आणि त्याने मालकी सिद्ध होते का?" असा प्रश्न आला आणि ती गप्प बसली, तर नुसत्या "साहाय्य केलं"पेक्षा ते महागात पडेल. उत्तर तिला माहीत असेलच: ती महसुली नोंद आहे, पुराव्याचा एक तुकडा आहे, तेवढ्याने मालकी ठरत नाही.

बहुतेक फर्म सीव्हीबरोबर स्वतः लिहिलेलं काहीतरी मागतात. कॉलेजातला मूट कोर्टचा, म्हणजे सरावाच्या खटल्याचा, मसुदा सगळेच पाठवतात. तिने 2019 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालावर दीड हजार शब्दांचं टिपण लिहावं. गोव्यात अधिवास असलेल्या माणसाची मालमत्ता गोव्याबाहेर असली तरी तिच्या वारसाहक्काला पोर्तुगीज नागरी संहिताच लागू, असं त्या निकालात ठरलं, आणि तो वाद मुंबईतल्याच मालमत्तेचा होता. म्हणजे दादर-माहीमला फ्लॅट घेऊन राहिलेल्या गोंयकाराच्या पश्चात मुंबईच्या वकिलानेही आपली संहिता उघडायला हवी. मुंबईत फ्लॅटची मालकी तपासताना यामुळे कोणते प्रश्न विचारावे लागतील, एवढ्यावरच लिहायचं. निकालाचा सारांश नको, तो सगळ्यांना वाचायला मिळतो.

आता ई-मेल. "रिस्पेक्टेड सर" या एका मायन्याने 64 पत्रं गेलीत. यादीत एझेडबी या मोठ्या लॉ फर्मचंही नाव दिसलं. ती फर्म उभी करणाऱ्यांत झिया मोदी या महिला वकील आहेत. पुढे "आपल्या नामांकित संस्थेत" असं लिहिलंय, कुठल्या संस्थेत ते कुठेच नाही. ताई, लग्नाच्या आमंत्रणावर "समस्त मंडळी" चालतं, नोकरीच्या अर्जावर नाही. 64 ऐवजी 12 फर्म निवडा आणि प्रत्येकीत एक विभाग. तिच्या कामाशी जुळणारे विभाग तीन: रिअल इस्टेट, वाद आणि खटले, आणि ज्याला फर्मवाले प्रायव्हेट क्लायंट म्हणतात तो. त्या शेवटच्या विभागात मृत्युपत्रं, कौटुंबिक वाटण्या, ट्रस्ट यांचं काम चालतं. इन्व्हेंटरी केलेली मुलगी तिथे पहिल्या दिवशी कामाला लागू शकते.

पत्रात तीन परिच्छेद पुरेत. हीच फर्म आणि हाच विभाग का, त्यांचं एखादं काम किंवा लेख ती खरंच वाचून सांगू शकेल असा. तिने काय केलंय. आणि कोणत्या तारखांना येऊ शकते. तारखा विसरू नका. मे आणि डिसेंबर सगळ्या देशाला हवे असतात, आणि मार्चमध्ये मे मागणं म्हणजे चतुर्थीच्या आदल्या दिवशी मुंबईहून कोकणकन्येचं तिकीट काढायला जाणं. चार-सहा महिने आधी अर्ज करा, आणि जिथे फर्मच्या वेबसाइटवर फॉर्म आहे तिथे ई-मेल न करता फॉर्मच भरा. बार कौन्सिलच्या नियमांनी पाच वर्षांच्या कोर्सला एकूण किमान 20 आठवड्यांची इंटर्नशिप लागते, पण सलग 4 आठवड्यांच्या वर नाही. हजेरी प्रत्येक विषयाला 70 टक्के. हे गणित आधी मांडा, तारखा मग द्या.

थोडं कडू बोलतो. मोठ्या फर्म नव्या मुलांची मुख्य भरती राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या कॅम्पसवर करतात. पणजीला त्या येणार नाहीत. तुमच्या मुलीसाठी वाट आहे ती अशी: चौथ्या वर्षी इंटर्नशिप, काम पटलं तर पुन्हा बोलावणं, आणि त्या दुसऱ्या वेळच्या कामावरून पदवीआधीच नोकरीची ऑफर, ज्याला मुलं पीपीओ म्हणतात. म्हणजे तिला दोनदा आत जावं लागेल, म्हणून तिसऱ्या वर्षाचा हा मे हुकला तर रडायचं कारण नाही. 12 फर्ममध्ये 4 मोठ्या असू देत. बाकीच्या मध्यम आकाराच्या आणि फोर्टातल्या जुन्या सॉलिसिटर कचेऱ्या घ्या. सॉलिसिटरकडे 3 वर्षांची आर्टिकलशिप, म्हणजे उमेदवारी, करून बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची परीक्षा देण्याची जुनी वाट अजून चालू आहे. मालकी-तपासणी आणि कन्व्हेयन्सिंग (मालमत्ता हस्तांतराचे दस्त करणं) ज्याला आवडतं त्याच्यासाठी ती चांगली वाट, पण हल्लीच्या मुलांना तिचं नावही ठाऊक नसतं.

फक्त गोव्याचीच तज्ज्ञ म्हणून तिने मिरवू नये. मोठ्या फर्मला कंपनी कायदा, करार आणि दिवाळखोरी संहितेची तोंडओळख हवीच. शेअर खरेदीचा एखादा करार समोर ठेवून वाचावा: व्यवहार पूर्ण होण्याआधीच्या अटी कोणत्या, विकणारा कशाची हमी देतो, हमी खोटी ठरली तर भरपाई कोण देतो. मालकी-तपासणीचं तिचं काम या हमीच्या कलमांशी कसं जोडलेलं आहे हे तिला सांगता आलं, तर फोंडा आणि लोअर परळ एका वाक्यात येतात.

वशिल्याबद्दल. खोटं कशाला सांगू, ओळखीने फाईल लवकर उघडते. पण ओळख म्हणजे मामाच्या मित्राचा साडू नव्हे. तिच्याच कॉलेजातून मुंबईला गेलेले सीनियर शोधा. त्यांना "प्लीज रेफर मी" असं लिहायचं नाही. "तुमच्या विभागात इंटर्नला पहिल्या आठवड्यात काय काम देतात?" असा एक नेमका प्रश्न विचारायचा, ज्याचं उत्तर पाच मिनिटांत देता येईल. चार जणांतला एक उत्तर देईल. आणि एक विनंती तुम्हाला: फर्मला तुम्ही फोन करू नका. पालकाचा फोन आला की तिथे मुलीचं वय पाचने कमी होतं.

इंग्रजीची भीती मला पत्रात दिसली, तिच्या ई-मेलमध्ये दिसली नाही. तिथली चूक मजकुराची आहे, भाषेची नाही. मराठी शाळेबद्दल तर मी उलटंच म्हणेन: मामलेदाराच्या कचेरीतला मराठी अर्ज आणि कोकणीत बोलणारा अशील, दोन्ही जिला समजतात तिने ते सीव्हीत भाषांच्या रकान्यात ठळक लिहावं. पणजीत कामोंइश केंद्रात पोर्तुगीज शिकवतात. पोर्तुगीज कागदातल्या चतुःसीमा आणि तारखा वाचण्यापुरती भाषा आली, तरी आज अनुवादकावर अवलंबून असलेल्या कितीतरी कचेऱ्यांत ती उपयोगी पडेल.

मामांचा सल्ला मायेचा आहे, पण अर्धा जुना. इंग्लंडमध्ये 2021 पासून सॉलिसिटर व्हायला एसक्यूई नावाची परीक्षा आली. पहिल्या भागात 180 प्रश्नांच्या दोन प्रश्नपत्रिका, दुसऱ्या भागात प्रत्यक्ष कौशल्यांची तपासणी, आणि त्याबरोबर 2 वर्षांचा कामाचा अनुभव. ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट हा तो अनुभव मिळवण्याचा एक मार्ग. मोठ्या फर्म तो साधारण 2 वर्षं आधी वाटतात, स्पर्धा मुंबईहून कमी नाही. भारतात सनद घेतलेल्या वकिलाला त्या अनुभवाच्या अटीतून सूट आहे, आणि परीक्षेचा पहिला भाग भारतातल्या केंद्रावरही देता येतो. म्हणजे आधी इथे पदवी आणि सनद. स्विंडन कुठे पळून जात नाही. घरात कुणाकडे पोर्तुगीज पासपोर्ट असेल तर त्यावरही विसंबू नका. 2021 पासून त्या पासपोर्टवर ब्रिटनमध्ये नव्याने जाऊन काम करता येत नाही, व्हिसा लागतोच.

मुंबईचा खर्च तुम्ही विचारला नाहीत, पण मनात असेल. काही फर्म स्टायपेंड देतात, काही देत नाहीत, आणि देतात तिथेही महिन्याचं पीजीचं भाडं निघेल असं धरू नका. पहिली खेप घरबसल्या करता येणारी मिळाली तर घ्यावी. दुसऱ्या खेपेला मात्र प्रत्यक्ष जायलाच हवं, कारण काम देणारा माणूस समोर दिसणाऱ्यालाच काम देतो.

नवा सीव्ही तयार झाला की कुणालाही पाठवण्याआधी तो फोंड्याच्या त्या वकिलांना दाखवा. फाईल त्यांच्या अशिलाची आहे. घराचं नाव, गावाचं नाव, सर्व्हे नंबर, वारसांची नावं यातलं काहीही सीव्हीत किंवा टिपणात येता कामा नये, आणि 17 हा आकडासुद्धा ओळख पटवण्याइतका नेमका वाटला तर तो काढून "अनेक वारस" लिहा. मुंबईचा पार्टनर ती ओळ वाचताना हेही बघत असतो की उद्या आमच्या अशिलाचं नाव ही मुलगी दुसऱ्या कुणाला पाठवलेल्या सीव्हीवर लिहील का. तुमच्या पुढच्या पत्रातही तेवढं सांभाळा. या वेळी मी छापताना दोन गोष्टी गाळल्या आहेत.

आपला,
करिअर समुपदेशक, पणजी